मुकुटाचं माप

आमच्याकडे राजा वारसाचं नाव सांगत नाही. तो सगळ्या मुलांच्या डोक्यांची मापं घेतो आणि वारसाच्या मापाचा दोरा तेवढा मुकुटासाठी सोनाराकडे पाठवतो. महाराज गेले, तेव्हा तो दोरा माझ्या डबीत होता. बायकोनं बजावलं, "अहो, तोंडाला कुलूप लावा." पण महाराजांचे धाकटे भाऊ दुकानात आले आणि भट्टीपाशी ढसाढसा रडले. "सोनारबुवा, लेकरांना मी अंगाखांद्यावर खेळवलंय. महालात सगळे टपलेत. कोणाला जपायचं, एवढंच सांगा." मी विरघळलो. दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला. "एवढंसं डोकं?" ते पुटपुटले. परवा सर्वांत धाकटी राजकन्या विहिरीत सापडली. वारस गेला की गादी राजाच्या भावाची, हा कायदा मला पाठ होता; आसवं पाहून विसरलो. आज तेच पुन्हा आले. त्यांनी दोरा भट्टीत टाकला, माझ्यापुढे डोकं झुकवलं आणि म्हणाले, "घे माप."