यजमानांचा मास्क

गुणा बोहारीण पूर्वी जुन्या साड्यांवर भांडी द्यायची, आता औषधी मास्कांवर द्यायची. त्या कापडातलं औषध जंतू मारायचं खरं, पण त्याचे कण छातीत जाऊन बसतात, हे लोकांना फार उशिरा कळलं; म्हणून आता नगरपालिका गुणाकरवी ते मास्क गोळा करून जाळत होती.

"काकू, आळीत तुमचा एकच राहिलाय. द्या, झाकणाचा डबा घ्या."

सिंधूकाकूंनी मास्क पदराखाली दडवला. तो त्यांच्या यजमानांचा होता. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या औषधाला एक खोड होती, ते माणसाचा श्वास धरून ठेवायचं. मास्क भाताच्या वाफेवर धरला की श्वास हळूच सुटायचा. मग काकूंच्या स्वयंपाकघरात लवंगेचा, तपकिरीचा वास यायचा आणि पाठोपाठ काकूंना खोकल्याची उबळ.

"डब्यानं काय होतंय? पातेलं दे."

"घ्या पातेलं. पण या खोकल्यानं जाल की त्यांच्यामागं!"

"बरंच की. तिथं चहा कोण देतंय त्यांना?"

गुणा हसली नाही. "माझी जाऊ गेली ह्याच खोकल्यानं, काकू. परवा."

काकू आत गेल्या. भातावरचं झाकण काढून त्यांनी मास्क वाफेवर धरला, छाती भरून श्वास घेतला आणि बाहेर येऊन मास्क गुणाच्या पिशवीत टाकला.

"कुठलं पातेलं देऊ? अहो, बोला की!"

काकूंचे ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, डोळे भरलेले. त्यांनी नुसतं बोटानं मोठं पातेलं दाखवलं. बोलायचं तर श्वास सोडावा लागला असता.