चौथ्यांदा सुंबिंग

शेवटच्या सात फोटोंमध्ये क्षितिज वाकडं होतं. गालिहने कॅमेऱ्याच्या पडद्यावर हाताची सावली धरली आणि ते सातही फोटो पुन्हा पाहिले. मग त्याने वेनिंगकडे पाहिलं.

"वारा आहे, मास," ती म्हणाली. "हात हलला."

वारा होताच. पण वेनिंगचा हात हलत नसे. मागेलांग शहरातल्या एका स्टुडिओत ती सहा वर्षं लग्नाचे फोटो काढत होती आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांचे. त्यातले काही तिने धीर करून गालिहला पाठवले होते. त्याचे डोंगरांवरचे व्हिडिओ चार लाख माणसं बघायची आणि त्याला थोरल्या भावासारखं 'मास गालिह' म्हणायची. वडील गेले त्या वर्षी वेनिंग रोज त्याचाच व्हिडिओ लावून जेवायला बसायची. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायचं. त्याच माणसाचा गेल्या आठवड्यात फोन आला होता, "माझ्या कॅमेरावाल्याकडे बाळ झालंय. सुंबिंग चढायला येतेस?" त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तिने हो म्हटलं होतं.

आणि म्हणूनच तिने काही सांगितलं नव्हतं. काल तंबू ठोकल्यापासून तिचं डोकं ठणकत होतं. सकाळपासून दोनदा ती खडकाआड जाऊन ओकली होती आणि वर पायाने माती लोटून आली होती. आता तासाभराची चढण उरली होती. तंबाखूची शेतं ढगांखाली बुडाली होती आणि समोर सिंदोरोचा डोंगर लख्ख उभा होता. असं स्वच्छ आकाश रोज मिळत नाही.

गालिहने काठीच्या टोकाने मातीत एक रेघ ओढली.

"हिच्यावरून दहा पावलं चाल."

"मी काय पिऊन आलेय का, मास?"

"चाल तर खरी."

चौथ्या पावलाला ती कलंडली. त्याने दंड धरला म्हणून वाचली.

"ओकलीस किती वेळा?"

"एकदा." मग तिने मान खाली घातली. "दोनदा."

"डोकं?"

"कालपासून. पण मास, एकच तास राहिलाय हो. तुम्ही चौथ्यांदा आलायत. मी बसते ना इथे, तुम्ही जाऊन या."

"उंची बाधलीय तुला. अशी इथे टाकून जाऊ?" त्याने तिची पाठपिशवी काढून घेऊन स्वतःच्या पोटावर अडकवलीसुद्धा होती.

सुंबिंग आणि गालिह हा बघणाऱ्यांच्या थट्टेचाच विषय होता. देशभरातले डोंगर चढलेला हा माणूस या एका डोंगरावरून तीनदा माघारी आला होता. तिन्ही वेळा गुडघा. लोकांनी त्याला सोडलं नव्हतं. 'आजोबा, नातवंडं सांभाळा.' 'सुंबिंग जिंकला, तीन-शून्य.' वेनिंगनेही एकदा मायेने लिहिलं होतं, 'मास, आधी गुडघ्याचं बघा, मग डोंगराचं.' या खेपेला त्याने महिनाभर आधी तारीख सांगून ठेवली होती.

"कॅमेरा चालू कर," तो म्हणाला.

तिने बटण दाबलं. तो दगडावर बसला आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"मंडळी, माफ करा. गुडघ्याने पुन्हा दगा दिला. एक पाऊल पुढे टाकवत नाही. हसा खुशाल. आम्ही इथूनच परत निघालोय."

वेनिंगने सगळं टिपलं. 'हे खोटं आहे' असं ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटून कॅमेरा बंद केला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. आणि हायसं वाटल्याची लाज वाटत होती.

उतारावर तो पुढे राहिला आणि तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लावलं. पाइनच्या झाडीत पोचेपर्यंत तिचं डोकं हलकं झालं. त्याने दिलेला ताडगुळाचा खडा पोटात राहिला. तेव्हा ती म्हणाली, "खोटं का बोललात, मास?"

"खरं बोललो असतो तर लोकांनी तुला सोलून काढलं असतं. पोरीने चढाई बुडवली म्हणाले असते. तुला अजून पुष्कळ डोंगर चढायचेत. मला काय, सवय आहे."

जुनं दुखणं आज माझ्या कामी आलं, वेनिंगच्या मनात आलं. पण दुखऱ्या गुडघ्यावर हा दोन माणसांचं ओझं घेऊन उतरतोय, हे तिला बघवेना. तिने दोनदा आपली पिशवी मागितली. त्याने दिली नाही.

पायथ्याच्या गावात म्हाताऱ्या मार्नींचं घर होतं; सगळे त्यांना आईसारखं 'बू' म्हणायचे. डोंगरावर जाणारा प्रत्येक जण तिथे नाव लिहून जायचा आणि उतरल्यावर तिथेच जेवायचा. बू मार्नी तेंपे, सोयाबीनच्या वड्या, तळत होत्या.

"एवढ्यात आलात?"

"गुडघा, बू!" गालिह हसत ओरडला, ओझी उतरवली आणि पाय धुवायला मागच्या दारी गेला.

म्हातारीने तो दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली. मग आल्याचं गरम पाणी वेनिंगसमोर ठेवून ती शेजारी टेकली.

"पहिल्यांदा त्याचा धाकटा भाऊ होता, अंगात ताप घेऊन चढलेला. मग सोलो शहरातली एक बाई होती, वरच्या कड्यावर घाबरून रडायला लागली. गेल्या साली तो कॅमेरावाला. गुडघ्याला काय धाड भरलीय त्याच्या?" तिने वेनिंगच्या कपाळावर हात ठेवला. "या खेपेला तू का गं?"