समुद्रातली हद्द

या, असे जवळ सरकून बसा. टिटवाळ्याच्या सहदेवबुवांची गोष्ट सांगतो. चिपळ्या वाजवायला त्यांनी हात उचलला आणि तो उचललेलाच राहिला, तिथून.

डोंबिवलीच्या देवळात कीर्तनाचा पूर्वरंग संपला होता. विश्वस्त महिपतशेठनी बुवांच्या गळ्यात हार घातला, बुक्का लावला आणि कानाशी पुटपुटले, "आता कथा सांगा. सरकारवर घसरू नका. मागच्या वेळचं लक्षात आहे ना?"

बुवांच्या चांगलं लक्षात होतं. वडिलांपासून चालत आलेली ही उत्सवाची सेवा तेव्हाच जायची, थोडक्यात वाचली होती.

पण समोर खांबाला टेकून तुळसाबाई बसली होती. ठाण्याच्या खाडीकाठची कोळीण. दुपारीच तिनं बुवांना गाठलं होतं.

"बुवा, पोऱ्या कोळ्याचा. मासळीमागं गेला. समुद्रात हद्द कुठं आखलेली असते? धरला न् टाकला तुरुंगात. शिक्षा कधीच संपलीय. पण दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलतच नाहीत, तर सोडणार कोण? त्याच्या आईनं हाय खाल्लीय."

बुवांनी तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं पाहिलं होतं. "नाव काय गं पोराचं?"

"नाव कशाला? देवाला ठाऊक आहे. तुम्ही नुसतं बोला. तुमचं लोक ऐकतात."

बुवांनी उचललेला हात खाली घेतला. चिपळ्या वाजल्याच नाहीत.

"मंडळी, शेजाऱ्याच्या घरात अणुबॉम्ब, आपल्याही घरात अणुबॉम्ब. अशा शेजाऱ्याशी बोलणंच टाकायचं, हे कसलं धोरण? जवानांच्या शौर्याला माझा दंडवत. शेजारी खोडसाळ, तेही कबूल. खोडसाळ आहे म्हणूनच बोलायची वाट उघडी हवी! आमचं सरकार मात्र निवडणूक आली की डरकाळ्या फोडतं, एरवी अबोला धरून बसतं. आणि त्या अबोल्यात गरिबांची लेकरं कुजतात."

मग मागून एक जण ओरडला, "मग तिकडंच जा ना राहायला!" चार जण हसले. माणसं उठू लागली. आरतीला निम्म्या सतरंज्या रिकाम्या.

महिपतशेठनी आवाज चढवला नाही. "बुवा, परराष्ट्र खातं दिल्लीत आहे. हे देऊळ आहे. उद्यापासून दुसरे बुवा येतील."

बुवांनी गळ्यातला हार देवापुढं ठेवला. वडिलांच्या चिपळ्या पिशवीत घातल्या. ते पायऱ्या उतरू लागले. सेवा गेली. पण एका आईसाठी गेली, असं त्यांनी मनाला समजावलं.

खाली तुळसाबाई उभी होती. शेजारी एक तरुण. त्यानं वाकून बुवांचे पाय धरले.

"हा माझा धनेश," ती म्हणाली.

बुवांचा चेहरा उजळला. "सुटला? कधी?"

"मी तर गेल्या वर्षीच सुटून आलेलो, बुवा," धनेश म्हणाला. "तिकडच्या तुरुंगात पहाऱ्याला एक म्हातारा शिपाई होता, तोही कोळ्याच्याच घरचा. रोज आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला द्यायचा. म्हणायचा, माझं लेकरू मासळीमागं जाऊन तुमच्या तुरुंगात अडकलंय, त्यालाही कुणीतरी देत असेल."

तुळसाबाईनं पदर सावरला. "आता विचारा नाव, बुवा."

तेव्हा मंडळी, सांजेला देवापुढं हात जोडाल, तेव्हा आपल्या तुरुंगातल्या, त्या शिपायाच्या युनूसची आठवण ठेवा.