माळावर चार वाजता

कोडोलीच्या हिंदुरावांनी माळावरची तीन एकर जमीन बक्षीसपत्र करून वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला दिली. मोर-सशांना तरी निवांत जागा मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यानंतर ते माळाकडं फिरकलेही नाहीत.

महिन्याभरानं संस्थेची अनुजा घरी आली. माळावर प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो तिनं दाखवला. "काका, तुम्ही रोज चार वाजता येऊन बसता. ससे बाहेरच येईनात."

फोटोत हिंदुराव दगडावर बसून हसत होते.

"ह्यो मी न्हवं," हिंदुराव म्हणाले. "चारला मी हितं च्या पीत असतोय."

"व्हय, माझ्याच हातचा," त्यांची बायको आक्काताई म्हणाल्या. मग फोटो डोळ्यांजवळ धरून त्यांनी विचारलं, "पर ही शेजारची पाठमोरी बाई कोण वो?"

"मला काय ठावं?"

"लुगडं माझं हाय."

त्यांनी तरातरा जाऊन ट्रंकेचं कुलूप काढलं. हिरवं लुगडं घडी घातलेलं तसंच होतं. त्यांनी ते झटकलं, तशी माळावरच्या गवताची कुसळं फरशीवर पडली.



मग आक्काताईंनी नवऱ्याला हळूच विचारलं, "अवो, आपुन तितं काय बोलत बसतोय?"