सहीची पट्टी

संडासाच्या दारासमोर खुर्ची टाकून आजोबा बसले होते. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. आतून सात वर्षांच्या नातीचं कण्हणं ऐकू आलं, तशी त्यांनी वहीत पाचवी रेघ ओढली.

"सूनबाई, दुपारच्या आतच पाच! पोरीला कुणीतरी चोरून खाऊ घालतंय."

"तुम्ही तिचं खाणंच बंद केलंय, बाबा. कोण काय घालणार?"

"तेच तर शोधतोय."

पस्तीस वर्षं त्यांनी गोदामाच्या फाटकावर झडत्या घेतल्या होत्या. साखरेचा दाणा घेऊन निघालेल्या मुंगीलाही ते बाजूला उभं करत, असं तिथले हमाल सांगत. मुंग्यांनी ते कधी नाकारलं नाही. आता फाटक गेलं होतं, नजर शाबूत होती. नातीचा कान दुखला, डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि तिसऱ्या दिवशी पोरीचं पोट बिघडलं. लगेच संशयितांची यादी झाली. आधी दूध बंद. मग केळी. मग भातसुद्धा. दूधवाल्याच्या कॅनमध्ये आजोबांनी कोपरापर्यंत हात घातला. शेजारच्या काकू बिस्किटं घेऊन आल्या, तर त्यांना दारातच पिशवी उलटी करायला लावली. काकू अजून बोलत नाहीत.

औषधाला मात्र त्यांनी कुणाचा हात लागू दिला नव्हता. बाटली कुलूपबंद डब्यात, किल्ली त्यांच्या खिशात. सकाळ-संध्याकाळ स्वतः मोजून पाजायचे, मग झाकणापासून बाटलीच्या पोटापर्यंत कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही ठोकायचे. गोदामाची पद्धत.

नात भिंत धरत बाहेर आली. ओठ सुकलेले.

"आजोबा, भूक लागलीय."

"आधी तपास, चिमणे. मग जेवण."

सुनेनं हातातली सुरी खाली ठेवली आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला, आजोबांना ऐकू जाईल असा.

"पातळ होतंय? या औषधानं होतं काही मुलांना," डॉक्टर म्हणाले. "उपाशीपोटी नाही ना देत?"

सुनेनं आजोबांकडे बघितलं.

"अहो, औषधाच्या दुकानदारानं बाटलीवर चिठ्ठी लावली असेल, वाचली नाही का? औषध सोडू नका. तिला खाऊ घाला, पाणी पाजत राहा आणि आत्ताच घेऊन या, बघू दे मला."

सुनेनं हात पुढे केला. "बाटली."

"सील असं कुणीही..."

"बाबा."

बाटली ओट्यावर आली. सुनेनं नखानं पट्टी सोलली. खाली दुसरी पट्टी. तिच्याखाली तिसरी. प्रत्येकीवर तीच झोकदार सही. आठव्या पट्टीखाली दुकानाची चिठ्ठी निघाली. नातीनं तिच्यावर बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "जे-व-णा-नं-तर द्या-वे."

सुनेनं भाताचं पातेलं उघडलं.

पोरीचे चार घास होईपर्यंत आजोबा वहीतल्या रेघांकडे बघत राहिले. मग उठले, सुनेसमोर ताठ उभे राहिले, पाय थोडे फाकवले आणि दोन्ही हात वर केले.