जांभळी चिठ्ठी

त्या दिवशी साऱ्या गिनीत मतदान होतं. पांढरी चिठ्ठी म्हणजे फ्रान्सच्या हाताखाली राहू, जांभळी म्हणजे स्वातंत्र्य. डाकारच्या मोठ्या फ्रेंच शाळेत आमच्या गावातून निवडलेली मी एकटीच. पण जांभळी जिंकली तर माझी जागा जाईल, असं गावच्या शाळेतल्या फ्रेंच बाईंनी बजावलं होतं.

रांगेत बाबांनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्यापुढे धरल्या.

"दालांदा, स्वातंत्र्याची कुठली गं?"

"एवढंही ठाऊक नाही, बाबा?" मी हसले, पण नजर पांढरीवर गेली. पांढरी म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

"जांभळी."

मत टाकून बाबा बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रंग मला ठाऊक होता गं. पण शाळा तुझी जाणार होती. तुला न विचारता कसं टाकू?"