बाळंतिणीचा अंगठा

मनगटावर विजेचे चार बारीक धक्के दिले, तरी चंपा पाडवीचा अंगठा हलला नाही. स्नायू सैल करणारं औषध देऊन सत्तेचाळीस मिनिटं झाली होती; एव्हाना त्याचा असर उतरायला हवा होता. अपेंडिक्सचं ऑपरेशनही आटोपलं होतं.

भूलतज्ज्ञ शाल्मलीने मात्रा ठरवणाऱ्या यंत्रातली माहिती पुन्हा वाचली. वय, वजन, यकृत, मूत्रपिंड. सगळं बरोबर होतं.

"मॅडम, ही परवाच बाळंत झालीय," थोरात सिस्टर म्हणाल्या. "पेटीतून नाही हो, पोटातून!"

बाळं वाढवणाऱ्या गर्भपेट्या आल्यापासून कुणी बाळंत होत नसे, म्हणून यंत्रातून तो प्रश्नच काढून टाकला होता. बाळंतिणीच्या अंगात हे औषध रेंगाळतं, हे शाल्मलीने फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"श्वासाचं यंत्र चालू राहू दे. थांबू या."

ही आई झाल्याचं औषधालासुद्धा कळलं होतं. चार वर्षांपूर्वी शाल्मलीने आपल्या नवजात ईशानला गर्भपेटी केंद्रातून घरी आणलं आणि त्याच दुपारी ती ड्यूटीवर आली. तिच्या अंगाला कशाचाच पत्ता नव्हता. आईने हौसेने वळलेले डिंकाचे लाडू नवऱ्यानेच संपवले होते.

अखेर अंगठा किंचित उडाला.

"अशा काय बघताय तिच्याकडे? जळताय की काय?" सिस्टर हसल्या. "तुमच्या दुसऱ्या बाळासाठी केंद्राचा परत फोन आला होता. पेटी कधी ठरवताय, विचारत होते. आठ महिने टोलवताय त्यांना."

"जळतेच आहे," शाल्मली म्हणाली. "त्यांना कळवा, पेटी नको. दुसरं बाळ मी पोटात वाढवणार आहे."